अंड्याची वर्गणी

१ जूनला मासेमारी बंद होते आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरखर्चाची ओढाताण समजून घ्यायची तर या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. मासळीच्या विणीचा काळ, वर उधाण आणि वारा. होड्या शाकारून किनाऱ्याला लागलेल्या, जाळी ओटीवर दुरुस्तीला काढलेली, खलाशांचा हिशेब चुकता झालेला. घरात असतो तो मेपर्यंतचा पैसा आणि सुकवलेला जवळा, बोंबील, वाकट्या. नेमक्या याच दिवसांत वह्या, दप्तर, रेनकोट, रिक्षावाल्याचा पहिला हप्ता आणि मोठ्या पोराच्या अकरावीचं प्रवेशशुल्क हे सगळं एकदम दारात येतं. नारळी पौर्णिमेनंतर पैसा पुन्हा फिरू लागतो, तोवर शाळेत पहिली घटक चाचणी होऊन गेलेली असते. शाळेचं वर्ष ठरवताना उन्हाळा पाहिला गेला, पाऊस पाहिला गेला. कोळीवाड्याच्या गल्ल्यात कोणत्या महिन्यात पैसे असतात, ते पाहण्याचं कारण कोणाला पडलं नाही.

न्हावा शेवा म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला बंदर आठवतं. मुळात ही दोन गावं. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि दोन्ही नावं जोडून जगभरच्या जहाजांच्या कागदांवर गेली. २०२४-२५ मध्ये या बंदरातून वीस फुटी पेट्यांच्या हिशेबात सुमारे ७३ लाख पेट्यांची ये-जा झाली. आफ्रिकेतली तूर, परदेशी सफरचंदं इथे उतरतात. नाशिकचा कांदा आणि द्राक्षं इथून जहाजावर चढतात. देशाच्या जेवणाचा एवढा मोठा व्यवहार ज्या किनाऱ्यावर चालतो, तिथल्या घराघरांत शाळेच्या खिचडीचा आणि रेशनच्या तांदळाचा हिशेब मात्र पैशापैशाने करावा लागतो. यात बंदराला दोष द्यायचा हेतू नाही. बंदराने रोजगार दिला, जमिनीला भाव दिला, काही घरांना चारचाकी दिली. पण कोणाला काय मिळालं, हे घरागणिक इतकं वेगळं आहे की सरकारी तक्त्यांत ते बसत नाही, आणि रोजची चिडचिड तिथूनच सुरू होते.

शाळेपासून सुरुवात करू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ बराच रुंद धरला आहे: ज्या खर्चामुळे मूल प्राथमिक शिक्षण पुरं करू शकणार नाही, असा कोणताही खर्च त्याच्यावर पडता कामा नये. प्रत्यक्षात जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवी बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत दोन गणवेशही मिळतात, आणि अलीकडे बूट-मोजेही. गणवेशासाठी समग्र शिक्षा अभियानाचे ६०० रुपये धरलेले आहेत, म्हणजे एका जोडाला ३००. उरणच्या बाजारात सहावीतल्या मुलासाठी कापड आणि शिलाई मिळून ३०० रुपयांत काय येतं, हे कोणत्याही आईला विचारावं.

त्या ६०० रुपयांचाही प्रवास सरळ नव्हता. आधी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे आणि समिती गावातल्याच शिंप्याकडून किंवा दुकानातून गणवेश घ्यायची. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आला. कापड वरून येणार, शिवणार महिला बचत गट, रंग राज्यभर एकच. कल्पना कागदावर वाईट नव्हती. पण स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते, जे पोचले त्यांतले काही मापात बसत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे दिला. पुस्तकांचंही तसंच. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घातली; दोनच वर्षांत ती काढून टाकली. या दोन वर्षांत पालकांनी वह्या घेणं थांबवलं असेल असं ज्याला वाटतं, त्याने शाळेत मूल घातलेलं नसावं.

काही रकमा मात्र कधीच बदलत नाहीत. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना १९९२ पासून हजेरीचा रोज १ रुपया उपस्थिती भत्ता मिळतो. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तेव्हा रुपयात शाळेबाहेर बोरं-चिंचा यायच्या. तीन दशकांत त्या रुपयाची किंमत इतकी घसरली की आता त्याची नोंद ठेवण्याचा खर्चच जास्त असावा.

हे झालं आठवीपर्यंत. नववीची पायरी चढताच फुकट पुस्तकं संपतात आणि दुपारची खिचडीही. मुलींची फी बारावीपर्यंत माफ आहे, पण फी हा माध्यमिक शाळेतल्या खर्चाचा लहान तुकडा. मोठा तुकडा प्रवासाचा आणि शिकवणीचा. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रेलरच्या रांगा लागलेल्या असतात. त्यांतून सायकलवर मूल पाठवायची हिंमत आईबाप करत नाहीत, म्हणून रिक्षा. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली, त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. लोकलच्या पासाने कॉलेजच्या मुलांचं बरंच काम सोपं केलं. शाळकरी मुलांना मात्र स्टेशनपासून शाळेपर्यंतचा आणि घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता उरतोच. हुशार मुलासाठी आठवीत द्यायची एक परीक्षा आहे, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची. ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घराचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. या परीक्षेची तयारी ज्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी मनापासून करून घेतात, त्या शाळेचं गावावर मोठं ऋण असतं, आणि गावाला बहुधा ते माहीतही नसतं.

इंग्रजी माध्यमाचं प्रकरण वेगळं. बंदर, सीमाशुल्क, कंटेनर यार्ड, शिपिंगची कार्यालयं यांतली कारकुनी भाषा इंग्रजी. त्यामुळे आगरी-कोळी घरांनी इंग्रजी शाळेकडे धाव घेतली याचं आश्चर्य वाटू नये. खासगी विनाअनुदानित शाळेत पहिल्या पायरीवर २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असतात. दुर्बल घटकासाठी मर्यादा वर्षाला १ लाख रुपये. शासन शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं, तेही थकतं, आणि थकलं की शाळा त्या पालकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलला: जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा ठेवायची गरज नाही. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला बदल रद्द केला. तोवर वर्ग सुरू होऊन महिना उलटला होता. ज्यांनी वाट पाहिली त्यांची मुलं घरी बसली. ज्यांना धीर धरवला नाही त्यांनी कर्ज काढून फी भरली.

फी भरणाऱ्यांसाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. ही समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. कित्येक पालकांना आपल्या शाळेत अशी समिती आहे हे नोटीस लागल्यावर कळतं, आणि नोटीस लागते तेव्हा ठराव झालेला असतो.

आता रेशन. उरण-पनवेलच्या खारपट्टीत भात हे एकच मुख्य पीक. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन काढायचं आणि भात लावायचा; शेतातल्या तळ्यात जिताडा वाढवायचा. बाजारातून तांदूळ आणणं ही अशा घरात कमीपणाची गोष्ट होती. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी आणि पुढे बंदरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई-नवघर परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. जमीन ज्यांच्या नावावर होती त्यांच्यापैकी काहींचं बरं झालं. कूळ, मजूर, खाडीत जाळं टाकणारे, मिठागरात राबणारे यांच्या नावावर सातबाराच नव्हता, तर साडेबारा टक्के कशाचे काढणार? शेव्याच्या कोळ्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं. तिथली घरं वाळवीने पोखरली आणि दुसऱ्या पुनर्वसनाची मागणी वर्षानुवर्षं चालत राहिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पारंपरिक मच्छीमारांच्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. घरटी सुमारे पाच लाख ८४ हजार. प्रकरण तिथे थांबलं नाही, सर्वोच्च न्यायालयात गेलं. भात पिकवणारी आणि मासळी धरणारी माणसं रास्त भाव दुकानाच्या रांगेत कशी आली, त्याचं उत्तर या चार दशकांत आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो असा दर होता, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट झालं. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. सकाळी तांदळाची भाकरी आणि दोन वेळा भात खाणाऱ्या घरात हे धान्य महिना काढत नाही. पण आधार मोठा आहे, आणि ज्यांना तो मिळतो ते नाकारणारही नाहीत. भांडण आहे ते कोणाला मिळतो यावर.

कार्डाचा रंग ही महाराष्ट्राची १ मे १९९९ पासूनची पद्धत: पिवळं, केशरी, पांढरं. त्यावर २०१३ च्या कायद्याचा शिक्का बसला. केशरी कार्डं दोन जातींची झाली, शिक्क्याची आणि बिनशिक्क्याची. दोघांचा रंग एक, पण एकाला धान्य मिळतं, दुसऱ्याला कार्ड फक्त पत्त्याच्या पुराव्यापुरतं. शिक्क्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४४,००० रुपयांच्या आत हवं, शहरी भागात ५९,०००. ४४,००० भागिले ३६५ केलं तर दिवसाला १२० रुपये येतात, तेही सगळ्या घराचे मिळून. कंटेनर यार्डात कंत्राटी हमाली करणारा एकटा माणूस ही मर्यादा ओलांडतो. म्हणजे खरं सांगितलं तर घर बाद. शासनाच्या दुसऱ्या खिडकीवर जा: शाळेच्या २५ टक्के जागांसाठी गरीब म्हणजे १ लाखाच्या आतला, लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांच्या आतला, आठवीच्या शिष्यवृत्तीसाठी साडेतीन लाखांच्या आतला. एकच घर एकाच तहसील कार्यालयाच्या आवारात एका टेबलावर गरीब ठरतं आणि शेजारच्या टेबलावर श्रीमंत.

मर्यादेत बसलं तरी पुढे एक शब्द उभा असतो: इष्टांक. कायद्याखाली महाराष्ट्रात साधारण ७ कोटी माणसांना धान्य मिळतं. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला, आणि तो तालुक्या-तालुक्यांत वाटून दिलेला. ज्या तालुक्यात नवी वस्ती वाढली तिथेही आकडा तोच. म्हणून पुरवठा शाखेत ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळतं. कोणाचं लग्न होऊन नाव कमी झालं, कोणी वारलं, कोणी गाव सोडलं, तर जागा होते. सून आली तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो; माहेरचं नाव ताबडतोब कमी होतं, सासरचं चढायला महिने लागतात. त्या मधल्या काळात ती कायद्याच्या हिशेबी जेवतच नाही.

मग अंगठा. दुकानात पॉस मशीनवर बोट लावायचं, आधारशी जुळलं की धान्य. बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या, कोलंबी सोलणाऱ्या, दोऱ्याने जाळी विणणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि ‘थंब लागत नाही’ हे वाक्य इथे रोजचं आहे. आधार जुळलं नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये, असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. मोबाइलवर येणारा ओटीपी, डोळ्यांची ओळख, घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट हे पर्याय आहेत. दुकानदाराला माहीत असतात. रांग लांब असली की तो सांगत नाही. दुकानाने नकार दिला तर १८००-२२-४९५० या शुल्कविरहित क्रमांकावर तक्रार घेतली जाते, गावात दक्षता समिती असते आणि जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी. मशीनमधून निघालेली पावती जपून ठेवली तर या सगळ्याचा उपयोग होतो, कारण वाद नेहमी ‘दिलं’ आणि ‘नाही दिलं’ यावरच अडतो.

तांदळाबद्दलची एक शंका इथेच मिटवावी, कारण शाळेतून आणि रेशनमधून घरोघर तिच्यावर चर्चा होते. ‘तांदळात प्लास्टिक आहे.’ काही दाणे पिवळट, गुळगुळीत दिसतात, पाण्यात टाकले की वर तरंगतात. ते पोषणमूल्यवर्धित दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि १०० दाण्यांत १ या प्रमाणात साध्या तांदळात घालतात. पंडुरोग, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनची कमतरता, कमी व्हावा हा त्याचा उद्देश. गंमत अशी की घरची सुगरण तांदूळ निवडताना नेमके हेच दाणे वेचून फेकते. दोष तिचा नाही. पोत्यावर इंग्रजीत छापलेलं असतं, सांगायला कोणी येत नाही.

आणि आता शाळेची खिचडी. वयस्कर वाचकांना केअरचं दूध आणि उपमा आठवत असेल, १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आठवत असेल, अमेरिकेहून आलेली लाल मिलो तर नक्कीच. मद्रास महापालिकेने १९२५ मध्ये शाळेत जेवण सुरू केलं होतं. देशभराची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची. आपल्याकडे पहिली काही वर्षं महिन्याला ३ किलो तांदूळ मुलाच्या हातात दिला जायचा, तोही हजेरी भरली तर. तो घरच्या डब्यात जाऊन सगळ्यांत वाटला जायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि महाराष्ट्रात शाळेच्या आवारात चुली पेटल्या. २०२१ पासून या योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. माझ्या मते या देशातल्या सगळ्या अन्नयोजनांत ही सर्वांत शहाणी, एका साध्या कारणासाठी: ती कार्डाचा रंग विचारत नाही. पहिली ते आठवीच्या वर्गात हजर असलेलं प्रत्येक मूल ताटावर बसतं. अमेरिकेसारख्या देशात आईबापांना उत्पन्नाचा अर्ज भरावा लागतो आणि ज्यांना सवलत मिळत नाही त्यांच्या मुलांच्या नावावर जेवणाची उधारी साठते. कोविडच्या काळात सर्वांना फुकट दिलेलं जेवण २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी ते स्वतःच्या खर्चाने चालू ठेवलं. आपली खिचडी त्या बाबतीत पुढे आहे.

मागे आहे ती रकमेत. पाचवीपर्यंतच्या मुलाला जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. तांदूळ अन्न महामंडळाकडून येतो, तो वेगळा. डाळ, भाजी, तेल, मसाला, मीठ आणि गॅस या सगळ्यांसाठी मे २०२५ पासूनचा दर आहे लहान मुलामागे ६ रुपये ७८ पैसे, मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे. धान्य आणि डाळ पुरवठादार आणतो. भाजी आणि गॅस शाळेने घ्यायचा, पैसे मागून येणार. मधले आठवडे मुख्याध्यापकाचा खिसा किंवा वाण्याची उधारी. शिजवणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये मानधन, तेही वर्षातले दहाच महिने. जेवण मिळालं नाही तर मुलाला त्याऐवजी भत्ता द्यावा, सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस चूल पेटली नाही तर जबाबदारी निश्चित करावी, असं २०१५ चे नियम सांगतात. हा भत्ता मागायला आलेला पालक कोणत्या मुख्याध्यापकाने पाहिला असेल, याची मला शंकाच आहे.

याच खिचडीत नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडं आलं. आठवड्यातून एकदा, न खाणाऱ्याला केळं, अंड्यामागे शासनाचे पाच रुपये. काही मंडळींनी विरोध केला, मुलांनी केला नाही. किनाऱ्यावर अंड्याचं अप्रूप कमी, मासळी घरचीच. पण जून-जुलैत सुक्या मासळीवर दिवस काढणाऱ्या घरातल्या पोराला ते अंडं महत्त्वाचं होतं. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्याचा वेगळा निधी बंद केला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ यादीत ठेवले, पण अंड्यांचा आणि साखरेचा पैसा शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभा करावा, असं सांगितलं.

हिशेब करून पाहू. समजा शाळेत १२० मुलं आहेत. अंडं सात रुपयांना धरलं तर आठवड्याला ८४० रुपये, वर्षाच्या ४० आठवड्यांना ३३,६००. या आकाराच्या शाळेला खडू, वीजबिल, झाडू, दुरुस्ती, पाणी या सगळ्यासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान ५०,००० आहे. एक अंडं, आणि ते पाचवीपर्यंतच्या एका मुलाच्या जेवणाच्या मंजूर रकमेहून महाग. वर शून्यं वाढली की राज्याच्या अर्थसंकल्पात हा खर्च फार मोठा दिसतो म्हणून कापला गेला. खाली एका शाळेत तो लहान दिसतो म्हणून गाव उचलेल असं गृहीत धरलं गेलं.

गावाने उचलण्याची परंपरा आपल्याकडे आहे, हे खरं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहांतली मुलं जगवण्यासाठी मुष्टिफंड सुरू केला: रोजच्या दळणातून बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा करून मुलांच्या भाकरीसाठी द्यायचं. घरात दाणा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयापर्यंत रयतचं जाळं या किनाऱ्यावर पसरलं. पण त्या मुठीमागे एक हिशेब होता जो आज विसरला जातो. मूठ प्रत्येक घरातून यायची आणि सगळ्या मुलांच्या एकाच कोठीत पडायची. आजचा लोकसहभाग एकेका शाळेने एकेका दाराशी जाऊन उभा करायचा आहे.

वर्गणी काढण्यात शाळा तयार असतात, यात वाद नाही. स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेला वाण्याची अर्ध्या पानाची जाहिरात, बाल आनंद मेळाव्यातली भेळ, लकी ड्रॉची कुपनं, दहावीच्या जुन्या तुकडीने पंचवीस वर्षांनी दिलेला प्रोजेक्टर. वाढदिवसाला किंवा वडिलांच्या पुण्यतिथीला मुलांना जेवू घालायचं असेल तर शासनाच्याच योजनेत स्नेहभोजनाची सोय आहे. यांतलं बहुतेक सगळं एकदाच घडतं. भिंत रंगवायला दाता मिळतो, कारण भिंतीवर नाव लिहिता येतं. कंपाउंडला मिळतो, संगणकाला मिळतो. दर शुक्रवारी खाऊन संपणाऱ्या अंड्यावर नाव कुठे लिहिणार? सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत तर पैसे भरून काही वर्षांसाठी शाळेला आपलं नाव जोडण्याची मुभा दिली. गणपती, नवरात्र, पालखी, क्रिकेटची स्पर्धा यांची पावतीपुस्तकं त्याच गावात, त्याच दारांवर फिरत असतात आणि त्यांच्यामागे तरुणांची फौज असते. शाळेच्या पावतीपुस्तकामागे असतो बदलीवर आलेला एक शिक्षक.

बंदराच्या परिसरात आणखी एक दार आहे, कंपन्यांचं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपनीने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावेत; भूक, कुपोषण, शिक्षण ही कामं त्यात बसतात, आणि कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदा सुचवतो. त्यामुळे रस्त्याकडेच्या, फाटकाजवळच्या, सरपंच बोलका असलेल्या गावच्या शाळेत डिजिटल वर्ग, पाण्याचं यंत्र, बाकं येतात. डोंगराकडेच्या कातकरी वाडीतल्या चाळीस मुलांच्या शाळेपर्यंत ते क्वचित जातं, आणि खरी गरज तिथे असते. त्या वाडीतली मुलं आईबाप वीटभट्टीवर गेले की त्यांच्याबरोबर जातात. तिथे ना खिचडी, ना समिती.

कर्नाटकाने हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथे शासन आठवड्याला दोन अंडी देत होतं. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनशी तीन वर्षांचा, सुमारे दीड हजार कोटींचा करार केला आणि उरलेल्या चार दिवसांची अंडी त्या पैशातून दिली. तीही देणगीच, पण ती राज्याच्या तिजोरीच्या पातळीवर घेतली, म्हणून बिदरच्या वाडीत आणि बंगळुरूच्या शाळेत सारखीच पोचते. कोणा मुख्याध्यापकाला हात पसरावा लागत नाही. तमिळनाडूत तर शाळेच्या पाचही दिवशी सरकारच अंडं देतं.

महाराष्ट्राने निधी पूर्ववत केला तर उत्तमच. तोवर उरण-पनवेलमध्ये तरी तालुक्याची एक कोठी करायला काय हरकत आहे? हजार मुलांना आठवड्याला एक अंडं म्हणजे वर्षाला २ लाख ८० हजार, दहा हजार मुलांना २८ लाख. बंदराभोवतीच्या कंपन्यांनी ही रक्कम जिल्हा परिषदेच्या एका खात्यात भरावी, हजेरीपटाप्रमाणे ती सगळ्या शाळांना वाटली जावी, आणि वाटपाची पहिली खेप जूनमध्ये, होड्या बंद असताना जावी. अशा करारावर सही करण्याचा अधिकार एका शाळेच्या समितीला नाही. तो आहे अलिबागला, जिल्हा परिषदेत.